म्युनिकची गीझे

आमचे अण्णा ठासून सांगायचे, "जन्मात मी दोनच नट पाहिले. एक बालगंधर्व, तेही उतरत्या वयातले. आणि दुसरी म्युनिकची गीझे." सांगलीच्या वाड्यात बसून बालगंधर्वांच्या पंक्तीला परक्या मुलखातल्या बाईला बसवायचं म्हणजे धाडसच. कुणी भुवया उंचावल्या की अण्णा आणखी जोर द्यायचे. "गंधर्वांकडे रूप होतं, गळा होता. या बाईकडे रूप नाही, शरीर बेढब, वय उलटलेलं. तरी ती रंगमंचावर असेपर्यंत दुसरीकडे बघवत नव्हतं."

अण्णा म्हणजे माझ्या वडिलांचे काका. १९५५ साली इंजिनिअरिंगच्या पुढच्या शिक्षणासाठी ते म्युनिकला गेले, काही वर्षांनी परतले आणि पुढे निवृत्त होईपर्यंत सांगलीतच शिकवत राहिले. तिकडची यंत्रं, पूल, प्रयोगशाळा यांबद्दल ते फारसं बोलत नसत. बोलत ते दोघींबद्दल. एक त्यांची म्युनिकची घरमालकीण आणि दुसरी तेरेझे गीझे. पहिलीनेच त्यांना दुसरी दाखवली. "पुस्तकातून भाषा येत नाही, नाटकाला चल," असं म्हणून ती त्यांना कामरश्पीले नाट्यगृहात घेऊन गेली.

नाटक होतं फ्रीडरिश ड्युरेनमाट या स्विस लेखकाचं, एका म्हाताऱ्या बाईच्या भेटीचं. २९ जानेवारी १९५६ रोजी झुरिचमध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला तेव्हा ती म्हातारी गीझेनेच उभी केली होती, आणि त्याच वर्षी म्युनिकमध्येही तिनेच केली. ग्युलेन नावाचं गाव भिकेला लागलेलं आहे. कारखाने बंद, तिजोरी रिकामी. सगळं गाव स्टेशनवर जमून याच गावातल्या, आता अतिश्रीमंत झालेल्या एका बाईची वाट बघतंय. ती साखळी ओढून न थांबणारी गाडी थांबवते आणि उतरते. एक पाय नकली, एक हात हस्तिदंताचा. बरोबर नवरा, नोकरचाकर, पिंजऱ्यात काळा बिबळ्या आणि एक रिकामी शवपेटी. तरुणपणी ती गरोदर असताना आल्फ्रेड इल नावाच्या तिच्या प्रियकराने कोर्टात खोटे साक्षीदार उभे करून हात झटकले होते, आणि गावाने तिला हाकलून दिलं होतं. आता ती गावाला एक अब्ज देऊ करते. अट एकच, कुणीतरी इलचा जीव घ्यायचा. नगराध्यक्ष बाणेदारपणे नकार देतो. बाईला घाई नाही. आणि थोड्याच दिवसांत गावकऱ्यांच्या पायात उधारीवर घेतलेले नवे पिवळे बूट दिसू लागतात.

हे बूट सांगताना अण्णा हमखास थांबायचे. "एकेक जण येतो, आणि त्याच्या पायात पिवळे बूट! इल बघतो, त्याचा चेहरा पांढरा पडत जातो. आणि बाई वर हॉटेलच्या बाल्कनीत नुसती बसलेली. खाली एवढं घडतंय, ती काही करत नाही. पण आम्ही सगळे खालचं सोडून वर बघत होतो."

त्या रात्री ट्रामने घरी येताना घरमालकीण एक अक्षर बोलली नाही. एरवी नाटकावर तास तास बोलणारी बाई. अण्णांना वाटलं, बरं वाटत नसेल. तिचं गप्प राहणं कशामुळे होतं, हे त्यांना पुष्कळ दिवसांनी कळलं.

गीझे मूळची म्युनिकचीच. ६ मार्च १८९८ चा जन्म, कापडाचा व्यापार करणारं ज्यू कुटुंब. जन्माचं आडनाव तिने १९२० च्या सुमाराला बदलून गीझे केलं. आरशासमोर उभं राहून नटी व्हायची स्वप्नं बघावीत असं रूप तिला मिळालेलं नव्हतं, आणि हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. म्हणून तिने नायिकेच्या रांगेत उभं राहण्यात एक दिवसही घालवला नाही. सीगन, ग्लायविट्स, लांड्सहुट, ब्रेस्लाउ अशा गावोगावच्या रंगमंचांवर उमेदवारी करून १९२६ साली ती ओटो फाल्केनबेर्गच्या हाताखाली म्युनिकच्या कामरश्पीलेमध्ये आली. तिशीतच तिच्या वाट्याला आया, सासवा, धोबिणी, मालकिणी अशा भूमिका आल्या. दुसऱ्या नट्यांना ज्या वयात असल्या भूमिका म्हणजे अपमान वाटतो, त्या वयात गीझे त्यांत मुरली होती. ती पन्नाशीची झाली तेव्हा तिच्याकडे त्यांची वीस-पंचवीस वर्षांची तालीम जमा होती.

घरमालकिणीने तिला त्या दिवसांत पाहिलं होतं. तिची एक आठवण अण्णा हमखास सांगत. नाझींच्या वर्तमानपत्राने म्हणे गीझेची तारीफ छापली होती, की ज्यूंच्या गर्दीतही ही एक खरी जर्मन बाई दिसते. ही गोष्ट म्युनिकमध्ये बऱ्याच तोंडी होती. गीझे ज्यू आहे हे सगळ्या शहराला माहीत, फक्त त्या वर्तमानपत्राला नाही!

१ जानेवारी १९३३ रोजी म्युनिकच्या बाँबोनिएर नावाच्या छोट्या रंगमंचावर एका नव्या कॅबरेचा पहिला खेळ झाला. कादंबरीकार थॉमस मानची मुलगी एरिका मान, तिचा भाऊ क्लाउस, पियानोवर माग्नुस हेनिंग आणि गीझे. मिऱ्याची चक्की असं त्या कॅबरेचं नाव. जेवणाच्या टेबलावरची चक्की बघून ते खुद्द थॉमस मानने सुचवलं, असं सांगतात. खेळाची जागा होती होफब्रॉयहाउसच्या शेजारी. हे तेच बिअरगृह, जिथे १९२० साली हिटलरने आपल्या पक्षाचा कार्यक्रम जाहीर केला होता. आणि कॅबरे उघडून महिना होतो न होतो तोच, ३० जानेवारीला, हिटलर चॅन्सेलर झाला.

या मंडळींची रीत अशी की कुणाचं नाव घ्यायचं नाही. परीकथा सांगायची, गाणं म्हणायचं, आणि ज्याला समजायचं त्याला समजतं. सांगलीच्या माणसाला हे लगेच कळावं. इथल्याच खाडिलकरांनी 'कीचकवध' लिहिलं तेव्हा कर्झनचं नाव कुठे घेतलं होतं? तरी १९१० साली सरकारने बंदी घातलीच. गीझे या कॅबरेत मूर्खपणा होऊन यायची. साक्षात मूर्खपणा, देहधारी, आणि आपल्या सत्तेवर बेहद्द खूश. घरमालकीण म्युनिकमधल्या त्या खेळांना गेली होती. ती सांगायची, इतकी हसले होते की बरगड्या दुखल्या.

मार्चमध्ये एरिका आणि गीझे देशाबाहेर पडल्या. सप्टेंबरअखेर झुरिचच्या हिर्शन हॉटेलात तोच खेळ नव्याने सुरू झाला. पुढच्या तीन-साडेतीन वर्षांत स्वित्झर्लंड, चेकोस्लोव्हाकिया, हॉलंड, बेल्जियम, लक्झेंबर्ग इथे मिळून हजाराहून जास्त प्रयोग झाले. जर्मन सरकारची वकिलात मागे लागलेली असे. १९३४ च्या नोव्हेंबरात झुरिचमध्ये स्थानिक फॅसिस्टांनी प्रयोगात घुसून दंगल केली, तेव्हा पोलीस बंदोबस्तात खेळ करावे लागले, आणि नंतर परदेशी राजकीय कॅबरेला तिथे परवानगीच मिळेनाशी झाली. १९३७ च्या सुरुवातीला न्यूयॉर्कला जाऊन पाहिलं, पण ते साफ पडलं. तिथल्या प्रेक्षकांना कॅबरेची ही जात ओळखीची नव्हती, आणि युरोपातलं संकट अजून त्यांच्या दारात आलेलं नव्हतं. एरिका अमेरिकेतच राहिली. गीझे परतली. या दोघींचं एकमेकींवर प्रेम होतं, बरीच वर्षं एकत्र काढलेल्या त्या दोघी. वाटा तिथे वेगळ्या झाल्या. अण्णांनी हे आम्हाला कधी सांगितलं नाही. मला ते नंतर वाचून कळलं, आणि कळल्यावर गीझेचं झुरिचला एकटीने परत येणं जास्त जड वाटायला लागलं.

त्याआधी १९३६ साली तिने इंग्लंडमध्ये जॉन हॅम्पसन या कादंबरीकाराशी लग्न केलं होतं. लग्न पासपोर्टसाठी. हॅम्पसनला पुरुषांचं प्रेम, हिला बाईचं, दोघांनाही हे ठाऊक. कवी ऑडनने आदल्या वर्षी एरिका मानशी असंच लग्न करून तिला ब्रिटिश नागरिक केलं होतं, आणि हॅम्पसनलाही त्यानेच तयार केलं. अशा लग्नांना आपण सहज खोटं म्हणून मोकळे होतो. मला तर त्या काळातल्या पुष्कळ खऱ्या लग्नांपेक्षा ती माणुसकीची वाटतात.

झुरिचचं शाउश्पीलहाउस हे युद्धकाळात जर्मन भाषेतलं एक मोठं स्वतंत्र नाट्यगृह होतं. चारी बाजूंना हिटलर आणि मुसोलिनीची राज्यं किंवा त्यांच्या टाचेखालचे देश, आणि मधे हे थिएटर. छळछावणीतून सुटून आलेला वोल्फगांग लांगहोफ इथे होता, एर्न्स्ट गिन्सबेर्ग, कुर्ट होर्विट्स, लेओनार्ड श्टेकेल, नेपथ्यकार टेओ ओटो होते. प्रेक्षकवर्ग लहान, म्हणून आठ-दहा दिवसांनी नवं नाटक उभं करायचं. तालमीला वेळ नाही, पगार बेताचा, आणि स्विस पोलिसांकडून राहण्याचा परवाना पुन्हा पुन्हा वाढवून घ्यायचा.

इथे १९ एप्रिल १९४१ रोजी गीझेने जर्मन नाटककार ब्रेख्तची 'मदर करेज' पहिल्यांदा रंगमंचावर आणली. दिग्दर्शक लेओपोल्ड लिंटबेर्ग. ब्रेख्त तेव्हा फिनलंडमध्ये अमेरिकेच्या व्हिसाची वाट बघत अडकलेला. स्वतःचं नाटक उभं राहताना त्याला बघताही आलं नाही.

आपल्याकडे ब्रेख्त आला तो विजया मेहतांच्या 'अजब न्याय वर्तुळाचा'मधून. खानोलकरांचं लेखन, आणि वायमारहून आलेले फ्रिट्स बेनेविट्स. पुढे १९७८ साली पु. लं.चा 'तीन पैशाचा तमाशा'. माझी आत्या, अण्णांची मुलगी, ही दोन्ही नाटकं बघून आली आणि भारावून गेली. ती राज्य नाट्य स्पर्धेत काम करायची, चांगलं करायची. पस्तिशी ओलांडली तशी तिला एका संस्थेत सांगण्यात आलं की आता नायिकेचं विसरा, आईच्या भूमिका घ्या. आत्या महिनाभर कुणाशी धड बोलली नाही. तेव्हा अण्णांनी तिला समोर बसवून 'मदर करेज'मधला एक प्रसंग सांगितला. मी तिथेच होते.

तीस वर्षांच्या युद्धात सैन्याच्या मागोमाग गाडी ओढत माल विकणारी ही बाई. तीन मुलं. धाकट्या मुलाला सैनिकांनी पकडलंय. पैसे भरले तर सुटेल. पैसे उभे करायचे तर गाडी गहाण टाकायला हवी, आणि गाडी गेली तर बाकीच्यांनी खायचं काय? ती घासाघीस करते. थोडं कमी, आणखी थोडं कमी. एवढ्यात गोळ्या झाडल्याचा आवाज येतो. मग सैनिक प्रेत घेऊन येतात, हा कोण ते ओळख म्हणतात. ओळखलं तर तीही अडकणार. ती मान हलवते, नाही. चादर पुन्हा वर करतात. पुन्हा मान हलवते, नाही.

"बस, एवढंच," अण्णा म्हणाले. "डोकं दोनदा हलवायचं. आता सांग पोरी, ही आईची भूमिका आहे म्हणून दुय्यम?"

अण्णांनी ही भूमिका म्युनिकमध्ये गीझेची पाहिलेली नव्हती, त्यांच्या आधीच ती होऊन गेली होती. प्रसंग त्यांना घरमालकिणीने सांगितलेला, आणि पुढे त्यांनी तो पुस्तकात वाचलेला. तरी ते डोकं असं हलवायचे की आत्या रडायला लागली.

झुरिचचे प्रेक्षकही रडले होते, आणि ब्रेख्तला नेमकं तेच खटकलं. समीक्षकांनी या बाईत सगळी दुःखं सोसणारी माउली पाहिली. ब्रेख्तला दाखवायची होती ती युद्धावर पोट भरणारी आणि त्यातून काहीही न शिकणारी व्यापारीण. त्याने काही प्रसंग बदलून तिला अधिक कठोर केलं, आणि जानेवारी १९४९ मध्ये बर्लिनला हेलेने वायगेलने ही नवी करेज केली. मुलीच्या दफनासाठी पैसे मोजताना त्यातलं एक नाणं परत बटव्यात टाकणारी वायगेल जगभर गाजली. नाट्यशास्त्राच्या पुस्तकांत गीझेचा प्रयोग त्यामुळे तळटिपेत गेला. मला हा अन्याय वाटतो. १९४१ साली, सीमेपलीकडे युद्ध चालू असताना, त्या प्रेक्षकांसमोर ही बाई उभी होती. त्यांनी रडू नये अशी अपेक्षा दूर बसूनच करता येते. आणि ब्रेख्तलाही ती नटी चुकीची वाटली नव्हती, कारण १९५० साली म्युनिकमध्ये त्याने स्वतः 'मदर करेज' बसवलं तेव्हा करेज म्हणून गीझेलाच घेतलं. त्याच्या बर्लिनर आँसाम्ब्लमध्येही तिने गॉर्कीची वासा आणि हाउप्टमानची चोरटी धोबीण केली.

सिनेमात तिने तुलनेने कमी काम केलं. लिंटबेर्गच्याच 'शेवटची संधी'मध्ये (१९४५) ती निर्वासितांच्या तांड्यात आहे. या चित्रपटाला पुढच्या वर्षी कानमध्ये सर्वोच्च पुरस्कार मिळालेल्या चित्रपटांत जागा मिळाली. १९५८ साली रोमी श्नायडरबरोबरच्या 'मेडशन इन युनिफॉर्म'मध्ये ती मुलींच्या वसतिगृहाची करडी मुख्याध्यापिका आहे. ड्युरेनमाटने 'पदार्थवैज्ञानिक' हे नाटक १९६२ साली तिला अर्पण केलं. त्यातली वेड्यांच्या इस्पितळाची डॉक्टरीण तिनेच पहिल्यांदा रंगवली.

आणि आता त्या ट्रामबद्दल. अण्णा परत निघायच्या थोडे दिवस आधी घरमालकिणीने त्यांना सांगितलं. तेहेतीस सालच्या त्या कॅबरेत ती हसली होती, टाळ्या पिटल्या होत्या. मग गीझे नाहीशी झाली, आणि हिने विचारलं नाही कुठे गेली. शेजारचं एक कुटुंब गेलं, तेव्हाही विचारलं नाही. त्यांच्या घरातलं एक कपाट लिलावात स्वस्तात मिळालं, ते हिने घेतलं. अण्णा त्याच कपाटात कपडे ठेवत होते. आणि त्या संध्याकाळी कामरश्पीलेमध्ये, ज्या शहराने हाकललं त्याच शहरात परत आलेली बाई बाल्कनीत बसून, स्वतःला हाकलणाऱ्या गावाकडे बघत होती, आणि गावाच्या पायात पिवळे बूट होते. "सभागृहातले आम्ही सगळे खाली आपापल्या पायांकडे बघत होतो," असं ती म्हणाली.

अण्णा हा भाग फार क्वचित सांगत. सांगितला की कपाटाचं वर्णन करत. अक्रोडाचं लाकूड, दोन दारं, आत चादरींसाठी कप्पे. पुढे काही बोलत नसत.

गीझे म्युनिकला परत आली, ती सूड घ्यायला नाही. भाषा तिथे होती, नाट्यगृह तिथे होतं. तिने शहराला माफ केलं का, हे मी कुठे वाचलेलं नाही आणि तो प्रश्न तिला विचारायचा हक्क कुणाला होता असंही मला वाटत नाही. ती काम करत राहिली. १९७० साली, बहात्तराव्या वर्षी, ती पश्चिम बर्लिनला पेटर श्टाइनच्या शाउब्युन्ने या तरुणांच्या नाट्यगृहात गेली. पहिलंच नाटक ब्रेख्तचं 'आई', त्यातली पेलागेया व्लासोवा गीझे, आणि भोवती निम्म्याहून कमी वयाची नटमंडळी. १९७४ साली हेल्मुट डीटलच्या 'म्युनिकच्या गोष्टी' या मालिकेत ती आजी झाली, नातवाचे उद्योग झेलणारी. ज्या जर्मनांनी कधी नाटक बघितलं नाही त्यांच्याही घरात ती त्या आजीमुळे पोचली. १९८८ साली पश्चिम जर्मनीच्या टपालखात्याने थोर स्त्रियांच्या मालिकेत तिचं एक मार्काचं तिकीट काढलं.

तिला बघायचं असेल तर लुई मालचा 'लाकोंब ल्यूसियाँ' (१९७४) बघा. १९४४ सालचा फ्रान्स. पॅरिसहून येऊन लपून राहिलेलं एक ज्यू कुटुंब, शिंपी बाप, तरुण मुलगी, आणि आजी. त्यांच्या घरात जर्मनांसाठी काम करणारा एक खेडवळ पोरगा बंदूक घेऊन घुसतो आणि मुक्कामच ठोकतो. गीझे आजी आहे. बोलणं जवळजवळ नाही. टेबलाशी बसून पत्त्यांचा एकटीचा डाव मांडते, पानं उचलते, ठेवते. पोरगा खोलीत आला की ती वर बघत नाही, आणि न बघणं किती स्पष्ट असू शकतं हे तिथे दिसतं. पंचाहत्तरीची बाई, तेहेतीस साली स्वतः जीव घेऊन पळालेली. मालने पुढचा 'ब्लॅक मून' तिला अर्पण केला. त्यातली भूमिका ही तिची शेवटची. ३ मार्च १९७५ रोजी ती म्युनिकमध्ये गेली. दफन मात्र झुरिचला, फ्लुंटर्नच्या दफनभूमीत झालं.

आत्याने पुढे आयांच्या भूमिका केल्या, मन लावून केल्या, आणि सांगली-मिरजेत तिचं नाव झालं. पण तिच्या वाट्याला आलेल्या आया चहा आणत, डोळे पुसत आणि दुसऱ्या अंकात मरत. आपल्या रंगभूमीने म्हाताऱ्या पुरुषासाठी 'नटसम्राट' लिहिलं, आणि अनेक थोर नटांना त्यात आपलं सगळं पणाला लावता आलं. म्हाताऱ्या बाईसाठी काय लिहिलं? 'बॅरिस्टर'मधली विजयाबाईंची मावशी आठवते, आणखी दोन-चार आठवतील, आणि मग बोटं थांबतात. गीझेला ब्रेख्त भेटला, ड्युरेनमाट भेटला, कारण साठीच्या बाईभोवती अख्खं नाटक फिरू शकतं याची त्यांना खात्री होती. मराठीत आज नाटक लिहिणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे, एक नाटक अशा बाईसाठी लिहा. ते पेलणाऱ्या नट्या आपल्याकडे आहेत, आणि त्यांतल्या कित्येक जणी आज घरी बसून आहेत.